गणराजचा कॅमेरा

सुचिताने दुसरी केबल जोडली, तरी कॉम्प्युटरला कॅमेऱ्याचा पत्ता लागेना.

"ऱ्हाऊ दे ना आता," तिची सासू जनीबाई वाल सोलता सोलता म्हणाली. "जुना डबा तो. त्यात काय मिळायचं?"

"त्यांचे फोटो आहेत, आई. तुम्हाला नाही बघावंसं वाटत?"

जनीबाई वाल सोलत राहिली.

सुचिताच्या नवऱ्याला, गणराजला जाऊन वर्ष होत आलं होतं. तो उरणला ट्रेलर चालवायचा, सुट्टी मिळाली की तळा गावी घरी यायचा. एका दुपारी गाडीतच छातीत कळ आली आणि सगळं संपलं. त्याच्या सामानातून हा कॅमेरा आला, पडदा फुटलेला. बाजारातल्या फोटोवाल्याने हात वर केले. पण सुचिता घरी टायपिंगची कामं करायची, कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्सही तिनेच टाकलेलं. ती अशी सोडणार नव्हती.

तिने कॉम्प्युटरकडून यूएसबीला जोडलेल्या वस्तूंची यादी मागवली. माऊस होता, कीबोर्ड होता, कॅमेरा नव्हता. म्हणजे दोन्ही केबल नुसत्या चार्जिंगच्या, फोटो पाठवणाऱ्या नाहीत. तिने कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं आणि शेजारच्या हेमालीकडून कार्ड रीडर आणला.

आता यादीत नवं नाव आलं, पण कार्ड उघडेना. त्याची फाइल सिस्टीम, म्हणजे फाइली साठवायची पद्धत, ओळखता येत नाही, असं उत्तर आलं.

"गेलेल्या माणसाचं काय उकरतेस गो?"

"उकरत नाही, आई. एकदा हसताना बघायचंय त्यांना."

मोबाइलचं नेट जोडून तिने ती पद्धत वाचणारं, कमी असलेलं पॅकेज टाकलं. पुन्हा कार्ड उघडायची आज्ञा दिली. या वेळी तक्रार आली नाही. फोटोंची खिडकी उघडली.

गणराज हसत होता. त्याच्या खांद्यावर एक लहान पोर होती, हनुवटी थेट त्याच्यासारखी. पुढच्या फोटोत त्या पोरीचा वाढदिवस, केक भरवणारा गणराज. शेवटच्यात हरिहरेश्वरच्या देवळापुढे तिघं उभी होती. तो, ती पोर आणि त्याच्या दंडाला धरून मंगळसूत्र घातलेली एक बाई.

सुचिताने तो फोटो मोठा करून पाहिला. मागे पावलं वाजली तशी तिने खिडकी बंद केली. म्हातारी लेकाच्या आठवणीवर जगत होती. तिला हे कळता कामा नये.

"काय निघालं?"

"काही नाही, आई. कार्ड कोरं आहे."

जनीबाई खाटेवर टेकली. पदराचं टोक चाचपू लागली.

"कोरं न्हाय गो ते," ती म्हणाली. "देवळापुढचा फोटो मीच काढलाय."