बोटीवरून आलेला

बंदराच्या स्टेशनावर पार्सल कचेरीतल्या कारकुनाने शिंप्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मगच सही कुठे करायची ते दाखवलं. शिंप्याने सही केली. समोर फरशीवर एक लांबट पेटी होती, जाड कापडात शिवून टाकलेली. टाके लांब लांब, घाईत घातलेले. हाताखालच्या कुणी असं शिवलं असतं तर आपण उसवायला लावलं असतं, असं त्याच्या मनात आलं आणि त्याने मान फिरवली. पेटीत त्याचा मुलगा होता.

सोबत कोण आहे, असं कारकुनाने विचारलं.

"त्याची आई. बाहेर उभी आहे," शिंपी म्हणाला. "तिला अजून सांगितलेलं नाही."

कारकुनाच्या हातातला शिक्का हातातच राहिला.

जहाज कंपनीचा फोन आला तेव्हा शिंपी दुकानात होता. तो घरी गेला, तोंड उघडलं, आणि पोरगा येतोय, एवढंच बाहेर पडलं. तिने लगेच मुलाची खोली झाडायला काढली. उद्या सांगू, गाडीत सांगू, उतरल्यावर सांगू, असं करत तो इथवर आला होता. मघाशी तिकिटाच्या खिडकीपाशी ती खेटून उभी होती, म्हणून परतीची तिकिटंही त्याने तीन काढली. पोराला खिडकीची जागा बघा, असं तिने दोनदा बजावलं होतं.

फलाटाकडे जायला दुसरी वाट नाही का, असं त्याने हमालांच्या मुकादमाला विचारलं. खालून सामानाचा बोगदा होता, पण त्यात भरतीचं पाणी शिरायला लागल्यापासून तो बंद होता. पेटीचा गाडा मोठ्या दालनातूनच न्यावा लागणार होता.

"तुम्ही आधी सांगून या, काका," मुकादम म्हणाला. "गाडी लागेपर्यंत थांबतो आम्ही."

दालन बोटींच्या भरभराटीच्या दिवसांत बांधलेलं. छत इतकं उंच की समुद्रपक्षी आत येऊन तुळयांवर बसत. पार टोकाला बंदराकडचं लोखंडी फाटक होतं आणि शिंपीण तिथे गजांना धरून उभी होती. शेजारच्या एका बाईशी तिचं चांगलंच सूत जमलं होतं. त्या बाईचा भाऊ त्याच बोटीने यायचा होता. आमचा आता दाढी वाढवून अस्वल होऊन येणार, आधी न्हाव्याकडे धाडते की नाही बघा, असं शिंपीण तिला सांगत होती.

"अगं, ऐक जरा," शिंपी म्हणाला.

"नाही ऐकत. त्याला आज दुकानावरून काही बोलायचं नाही. आल्या आल्या तर नाहीच नाही."

"नाही बोलणार," तो म्हणाला.

फाटक उघडलं. माणसं येऊ लागली, आधी घोळक्याने, मग एकेक. शेजारच्या बाईला भाऊ भेटला. जाताना तिने शिंपिणीच्या खांद्यावर हात ठेवला, येईल हो, कागदपत्रं बघत असतील त्याची, म्हणाली. मागे फलाटाला गाडी लागल्याचा आवाज झाला. शिंप्याने वळून पाहिलं. मुकादम कचेरीच्या दारात उभा होता, त्याच्याकडेच बघत. शिंप्याला मान हलवता आली नाही, हो म्हणूनही नाही आणि नाही म्हणूनही नाही. मुकादम थोडा थांबला. मग त्याने हमालांना खूण केली.

गाडा सावकाश दालनातून आला. शिंपिणीने पेटी पाहिली तशी हातातली पिशवी झटकन पायाशी ओढली आणि नवऱ्याला दंडाला धरून बाजूला घेतलं.

"अहो, सरका. त्यांना जाऊ द्या."

त्यांच्यासमोरच एक चाक फरशीच्या फटीत अडकलं आणि पेटी हलली. सांभाळून रे बाबांनो, ती पुटपुटली. हमालांनी गाडा उचलून घेतला. फलाटाकडे वळेपर्यंत ती बघत होती.

"कुणाच्या तरी घरी अजून कळलंसुद्धा नसेल," ती हळूच म्हणाली, आणि टाचा उंचावून पुन्हा फाटकाकडे बघू लागली.