भेगेवरची काच

शेजारी नव्या व्यापारी संकुलासाठी खोदकाम सुरू झाले आणि हिंगोलीच्या बाजारपेठेतल्या सुमनबाईंच्या घराची भिंत भेगाळली. भिंत अजून सरकते आहे का, हे तपासण्यासाठी अभियंता करुणाने भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवली. पट्टी तुटली, तर घर तातडीने रिकामे करावे लागणार होते. “हिला जपा,” एवढेच तिने सुमनबाईंना सांगितले.

दोन महिने मांडणीवरची भांडी थरथरत राहिली. सुमनबाईंना धड झोप लागेना. करुणा परत आली, तेव्हा पट्टी अखंड होती.

“भिंत स्थिर आहे. पुराव्यापुढे शंका नको, निर्धास्त झोपा.”

सुमनबाईंचा चेहरा उजळला.



“लय जपली, माय! तुटली की त्याच दिवशी नवी आणून चिकटवून राहिले मी.”