मौनीआबांचा गळा

डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. आबांच्या गळ्यात दोन ठिणग्या पेटल्या होत्या.

बाकी अंग चांगलं निघालं. काखेतल्या ज्या गाठीच्या धास्तीने त्यांचा मुलगा नवीन त्यांना पारोळ्याहून जळगावला घेऊन आला होता, तीही विझल्या चुलीसारखी गार. गळा तेवढा लखलखत होता. डॉक्टरांनी समजावलं, सुईतून साखर दिली, अंगात जिथे काम चालू होतं तिथे ती गेली, आणि मशीनने तिचाच फोटो काढला. सुई दिल्यावर तासभर बोलायचं नाही, असं बजावलं होतं. हे बोलले का? बोलले असतील तर काळजी नाही.

नवीनला हसूच आलं. रतिलाल आबा, आणि बोलणार? नऊ वर्षांत त्यांनी म्हशीलासुद्धा हाक मारली नव्हती. गाव त्यांना मौनीआबा म्हणायचं. ओट्यावर माणसं नारळ ठेवून जायची, परीक्षेआधी लेकरांना पाया पडायला आणायची.

"मग गळ्यातला तुकडा काढून तपासावा लागेल," डॉक्टर म्हणाले.

आबांचा हात गळ्याकडे गेला.

ते मौन कशाचं, हे शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोला, एकट्या पुष्पाबाईंना ठाऊक होतं. एका दुपारी आबांनी वांग्याच्या भरताचा पहिलाच घास थुंकला. खारट आहे म्हणाले. मीठ एकदाच टाकलंय, पुष्पाबाई म्हणाल्या. चूक कबूल करत नाहीस तोवर बोलणार नाही, म्हणून आबा ओट्यावर जाऊन बसले. पाचव्या दिवशी कुणीतरी पहिला नारळ ठेवला. मग मागे फिरणं अवघडच झालं. कणगीत दाणे साठावेत तसे शब्द आत साठत गेले. ते उपसायचे कुठे? मौनीआबांपुढे सदा कुणी ना कुणी हात जोडून बसलेलं. आज नऊ वर्षांनी, सुई दिल्यावर, त्यांना एका खोलीत एकटं बसवलं, आणि बाहेरून दार ओढून घेतलं.

नवीनने सहीसाठी कागद पुढे ओढला.

"मी बोलनू," आबा म्हणाले. आवाज गंजल्या बिजागरीसारखा कुरकुरला.

नवीनच्या हातून पेन पडलं. पुष्पाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. "तासभर काय बोलनात?"

"एकच गोट. नीट जमे ना, म्हनीसन पुन्हा पुन्हा." आबांनी मान खाली घातली. "तू पानी भराले गई व्हती, तव्हय भरीतमा मीठ मी टाकेल व्हतं. दुसरांदा."

डॉक्टरांनी कागद फाडला. पुष्पाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या, सोडत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या,

"दुसरांदा मी टाकेल व्हतं. तुम्हनं तिसरं."