रुग्णवाहिकेतल्या कोंबड्या

"'रुग्णवाहिकेत कोंबड्या अंडी घालतात, हे खरे आहे काय?'" आप्पासो क्लार्कनं मोठ्यानं वाचून कागद टेबलावर ठेवला. "डॉक्टर, विधानसभेच्या प्रश्नांच्या यादीत छापून आलंय. उत्तर मंत्री देणार, आन् लिहायचं आपण. आज संध्याकाळच्या आत."

डॉ. वीरधवलच्या कपाळावर घाम होता. तो खुर्चीत बसे, उठे, खिडकीशी जाई. बाहेर लिंबाखाली आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका विटांवर उभी होती. चाकं नव्हती, बॅटरी नव्हती. ड्रायव्हर गुंडा जिल्ह्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांच्या मॅडमना मंडईत नेण्याच्या कामावर होता. कोंबड्या तेवढ्या रोज हजर असत.

"विचारलंय कुणी, तर पार विदर्भातल्या आमदारानं!" आप्पासो म्हणाला. "त्यास्नी तिकडनं आमची कोंबडी दिसली कशी? कोण तरी फितूर हाय."

"असेल," म्हणत वीरधवलनं ड्रॉवरमधून संत्र्याच्या बर्फीचा डबा काढला. "घ्या. डोकं चालेल."

तेवढ्यात धोंडुबाई दारात आली. कोंबड्या तिच्याच.

"आवं डॉक्टर, माज्या लेकीचं, सोनमचं दिवस भरलं. प्वार आडवं हाय, कळा लागायच्या आत मिरजंला न्या, म्हणून तुमीच सांगितलंसा. कशातनं न्यू? फटफटीवर?"

फोन वाजला. जिल्ह्याचे साहेब.

"लिहा, 'हे खरे नाही.' संपलं."

"लिहितो साहेब. पण सोबत फोटो मागतील. आमदार स्वतः बघायलाही येतील. उत्तर खोटं निघालं तर मंत्र्यांवर हक्कभंग. मग मंत्री खालची सही बघतील."

"सही कुणाची असते?"

"आपली, साहेब."

साहेबांचा आवाज एकदम चढला.

"मग ते खरं नाही असं करा की!"

"चाकं नाहीत, साहेब. बॅटरी नाही. गुंडा आपल्याकडे आहे."

"पाठवतो! आणि तो फितूर शोधा. गडचिरोलीला धाडतो त्याला."

"शोधतो, साहेब." वीरधवलनं घाम पुसला.

ऊन कलायच्या आत टेम्पो आला. चार चाकं, नवी बॅटरी आणि मागच्या फाळक्याला धरून गुंडा. त्याच्या हातात मेथीची पिशवी तशीच होती.

"मंडईतनंच उचललं मला," तो म्हणाला. "मॅडम अजून तितंच हायत."

कोंबड्या हाकलल्या, चाकं बसवली. गाडी खोकली, काळा धूर ओकली आणि चालू झाली.

"फोटोत पेशंट पायजे," आप्पासो मोबाईल सरसावत म्हणाला. धोंडुबाईनं सोनमला हाताला धरून आणलं, आत निजवलं. फोटो निघाला.

"झालं. उतर बाई आता."

"उतरवू नका," वीरधवल म्हणाला. "गुंडा, थेट मिरज."

उत्तर वेळेत गेलं. एक : हे खरे नाही. दोन, असल्यास, कारणे काय : प्रश्न उद्भवत नाही. साहेबांनी खाली झोकदार सही ठोकली. फितुराची चौकशी मात्र चालू राहिली. वीरधवलनं सगळ्यांना एकेक करून बोलावलं, डोळ्यांत डोळे घालून विचारलं. आप्पासोला तर दोनदा.

चार-आठ दिवसांनी धोंडुबाई पेढे घेऊन आली.

"नात झाली. पोट फाडावं लागलं, पर दोघी धडधाकट हायत. गाडी नसती तर लय अवघड हुतं." मग ती जरा घुटमळली. "फकस्त कोंबड्यांचं वंगाळ झालं, डॉक्टर. गाडी आता जाग्यावर नसतीया. बिचाऱ्या एक्स-रेच्या खोलीत बसाय लागल्यात. तितलं मशीन तरी कुठं चालतंय?"

ती गेल्यावर वीरधवलनं दार लोटून घेतलं, कडी लावली आणि फोन लावला.

"ऋष्या, लेका, आमदार झालास तरी हॉस्टेलवरचा चिक्कूपणा गेला नाही तुझा. बर्फी संपली, दोन डबे पाठव. आणि पुढच्या अधिवेशनासाठी लिहून घे : 'एक्स-रे मशीनवर कोंबड्या बसतात, हे खरे आहे काय?'"