नराशिवाय संसार

विषारी सापांवर संशोधन करणाऱ्या बाईंचं म्हणणं एकच होतं. ही सापीण नर जवळ नसतानाही पिल्लं देऊ शकते, आणि तीही अंडी न घालता, थेट जिवंत. सापीण जन्मापासून काचेच्या पेटीत एकटी वाढलेली. तिचं पोट फुगायला लागलं, तेव्हा सहकारी हसले, "बाई, उंदीर जास्त झालेत तिला!" नवरा तर रोज चिडवायचा, "नराशिवाय संसार? मग आमचं काय लोणचं घालायचं?"

साधी दोरी दिसली तरी दचकणारा हा नवरा आज बाईंचा घरी राहिलेला वाचायचा चष्मा द्यायला प्रयोगशाळेत आला, खुर्चीत टेकला आणि समोर बघून त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"अगं, ही पेटी रिकामी कशी?"

"अहो, अजिबात हलू नका. तुमच्या खुर्चीखाली आहे ती."

तो जीव मुठीत धरून बसला. बाईंनी आकड्याच्या काठीनं सापिणीला अलगद उचललं, पेटीत सोडलं आणि झाकणाला कडी घातली.

"सुटलो बुवा!" घामानं डबडबलेल्या नवऱ्यानं एकदाचा श्वास सोडला.

बाईंनी चष्मा लावला, पेटीवर वाकल्या आणि पांढऱ्याफटक पडल्या. सकाळी टम्म असलेलं सापिणीचं पोट पार खपाटीला गेलं होतं, आणि पेटीत तिच्याशिवाय कुणीच नव्हतं.



"अहो, पाय वर घ्या," त्या कुजबुजल्या, "माझं म्हणणं खरं ठरलंय."