जप्तीची यादी

बेलिफाने पहिली चिठ्ठी चिकटवली ती मॅनेजरच्या खुर्चीला. मॅनेजर तेव्हा खुर्चीतच बसला होता.

"जरा उठता का?" ऑग्डन बेलिफ म्हणाला. "चाकं धड आहेत का बघू दे."

दुसरी चिठ्ठी कॉम्प्युटरला लागली, तिसरी नाणी मोजायच्या मशीनला. मॉसली गावच्या त्या एवढ्याशा बँकेत दहा-बारा गिऱ्हाइकं होती. रांग कोणी मोडली नाही, माना मात्र सगळ्यांच्या वळल्या.

तेवढ्यात बेरिल स्कोफिल्ड धापा टाकत आत आली. वय अठ्ठावन्न, शाळेत मुलांचं जेवण रांधणारी बाई. काखेत कॉर्नेटची, म्हणजे फुंकून वाजवायच्या छोट्या पितळी वाद्याची, काळी पेटी. शेजारणीने फोनवर ओरडून सांगितलं होतं, "अगं, तुझा बेलिफ बँकेत घुसलाय!"

तुझा बेलिफ म्हणण्याइतकी ओळख होतीच. तीन महिन्यांपूर्वी तो बेरिलच्याच घरी आला होता. हप्त्याने घेतलेल्या वॉशिंग मशीनचे दोनशे साठ पौंड तिने थकवले होते. थकवले म्हणजे काय, बँकेने थकवायला लावले. एकदा पगार एक दिवस उशिरा जमा झाला आणि हप्ता परत गेला. खात्यात पैसे नाहीत म्हणून बँकेने अडतीस पौंड दंड कापला. त्या दंडाने खातं आणखी खाली गेलं, म्हणून आणखी अडतीस. हे कळवणाऱ्या पत्राचे वेगळे पंचवीस. चार वर्षांत दंड अकराशे चाळीस पौंडांवर गेला. कापलं किती ते तरी कळावं म्हणून तिने जुनी स्टेटमेंटं मागवली. त्याच्या फीचा दहा पौंडांचा चेक वटला नाही, त्याचेही अडतीस. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

ऑग्डनने तिच्या स्वयंपाकघरात बसून घराची यादी केली होती. अख्ख्या घरात किमतीची वस्तू निघाली एकच, कॉर्नेट. अकराव्या वर्षापासून बेरिल गावच्या बँडमध्ये वाजवत आली होती, आणि हा कॉर्नेट नवऱ्याने जायच्या आदल्या वर्षी हौसेने घेऊन दिलेला. "एक जूनच्या आत पैसे भरा. नाहीतर त्या दिवशी सकाळी नऊला येऊन घेऊन जाईन," ऑग्डनने बजावलं. तिने बँकेची कर्मकथा सांगायला घेतली, तर म्हणाला, "मला काय सांगताय बाई? कोर्टाला सांगा. तुमच्यावर दावा लावता येतो, तसा बँकेवरही येतो."

चहा पिऊन वर हा टोमणा. बेरिलला तो चांगलाच झोंबला. त्या रागातच तिने कोर्टाचा फॉर्म भरला. बँकेने उत्तरच दिलं नाही. अशा बायकांचे कागद वाचायची सवय नसेल. निकाल बेरिलच्या बाजूने लागला, तरी पैसे येईनात. मग तिनेही बँकेवर जप्ती मागितली.

आज एक जून उजाडला होता. बँकेच्या जप्तीचा अजून पत्ता नव्हता आणि संध्याकाळी बँडांची स्पर्धा होती. ती नऊपासून दारात खुर्ची टाकून, पेटी मांडीवर घेऊन बसली. पेटी तीनदा उघडून बघितली, एकदा रडलीही. साडेदहा झाले तरी ऑग्डन येईना. सरकारी माणूस, जप्तीलासुद्धा वेळेवर यायचा नाही, असं ती चडफडत होती, तेवढ्यात फोन आला. पेटी घरी ठेवायचा धीर होईना, म्हणून काखेत मारूनच ती धावली.

मॅनेजर क्रेग जेमतेम तिशीचा. लहानपणी बेरिलच्या हातचं कस्टर्ड दोनदा मागून खाणारा. आता कपाळावर घाम होता.

"मिसेस स्कोफिल्ड, हेड ऑफिसशी बोललोय मी. या क्षणी पूर्ण रक्कम तुमच्या खात्यात जमा करतो."

"खात्यात नको रे बाळा," बेरिल म्हणाली. "त्या खात्यात माझा पैसा जगत नाही. हातात दे."

रांगेत हशा पिकला. मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, "ती खुर्ची विकणार असाल तर सांगा हो, माझ्या पाठीला बरी पडेल."

क्रेगने नोटा दोनदा मोजल्या. बेरिलने पोचपावतीवर सही केली. ऑग्डनने एकेक चिठ्ठी नखाने सोलून काढली, खुर्चीवरची सगळ्यात शेवटी.

मग बेरिलने दोनशे साठ पौंड वेगळे काढले आणि त्याच्यापुढे आपटले.

"घ्या तुमचे. आणि पुढच्या वेळी नऊ म्हणजे नऊला येत चला! सकाळपासून जीव टांगणीला लावून दारात बसले होते मी."

ऑग्डनने पावती सावकाश लिहिली, फाडली, तिच्या हातात दिली. मग खिशातून घडी घातलेला कागद काढून तिच्यापुढे धरला. आजच्या जप्त्यांची यादी. आठ नावं होती. सगळ्यात वर तिचं, सगळ्यात खाली बँकेचं.

"दारात आलो असतो, तर पेटी न्यावीच लागली असती," तो म्हणाला. "म्हणून आज यादी खालून सुरू केली."