पेवातला गारवा

पहारीचा घाव गुडघ्यावर बसला आणि धोंडिराम पेवाच्या तोंडाशीच कोसळला. त्याची बायको गोजरा दिवा पेटवत होती. त्या पेवात, जमिनीखाली दोन पुरुष खोल, ओल्या वाळूत पौषातली थंडी कोंडून गावानं बटाटे, लोणी आणि औषधं ठेवली होती. वीज कायमची गेल्यापासून सगळ्यांची भिस्त त्यावरच होती.

"दिवा कशाला? कुणाला खूण करतेस?" शहरातून लुटायला आलेल्या तिघांपैकी पहारवाला खेकसला.

"आधी दिवा खाली सोडायचा, मग माणूस. अशी रीत आहे."

त्यानं दिवा लाथाडला. जळती वात तिच्या मनगटावर उडाली.

"फ्रिज उघडताना माझी आई काय दिवा ओवाळायची?"

तिघंही हसत शिडीवरून उतरले.

"अगं, सांग त्यांना," धोंडिराम कण्हला. "महिनाभर बंद होतं पेव. आतली हवा माणूस मारते. कुणीही असले तरी माणसं आहेत ती."

गोजरानं त्याच्या गुडघ्यातून बाहेर आलेल्या हाडाकडे पाहिलं. मग ती पेवाच्या दगडी झाकणाकडे सरकली.

खालचं हसणं थांबलं. कुणीतरी धप्पकन पडलं, मग आणखी एक. शिडी करकरली आणि पहारवाल्याची बोटं काठावर आली.

"बाई... हात द्या..."

धोंडिराम गावातल्या प्रत्येकाला जे बजावायचा, तेच गोजरा शांतपणे म्हणाली, "झाकण उघडं राहिलं की गारवा जातो."

आणि तिनं ते झाकण त्या बोटांवरून पुढं लोटलं.